साहेबांच्या शेजारची सीट

साहेब गेले त्याला बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्याबद्दल विचारायला माणसं अजून येतात. कुणी हवाई दलातला तरुण अधिकारी येतो, कुणी शाळेच्या समारंभासाठी भाषण शोधणारे मास्तर येतात. दिवाणखान्यात साहेबांचा एअर मार्शलच्या गणवेशातला मोठा फोटो आहे. छातीवर पदकांच्या रंगीत पट्ट्या ओळीनं, आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरनं फार वेळ उभं केल्याचा वैताग. पाहुणा बसतो न बसतो तोच पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारतो, "ही कशाबद्दल मिळाली? आणि ती?"

"ते त्यांनाच विचारायला हवं होतं," बाईसाहेब म्हणतात. "मला एवढंच माहीत आहे, की कोटाला इस्त्री करायच्या आधी त्या काढून ठेवायच्या असतात."

पाहुण्याचा चेहरा पडतो. मग त्याच्यासमोर चहा येतो, आणि पदकांची नव्हे, भलतीच गोष्ट त्याला ऐकावी लागते. शाळेच्या भाषणात बसणारी ती नाही. पण साहेब कसे होते ते कळायचं असेल तर दुसरी कुठली ऐकून उपयोग नाही, असं बाईसाहेबांचं ठाम मत आहे. बाईसाहेबांच्या ठाम मतापुढे एअर मार्शलचंही कधी काही चाललं नाही, तिथे पाहुण्याची काय कथा!

साहेबांचे वडील सायकली दुरुस्त करत. दुकान म्हणजे एका भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर, हवा भरायचा पंप, पाण्याचं घमेलं आणि खिळ्यांना अडकवलेले टायर. हवाई दलात निवड झाल्याची बातमी घेऊन मुलगा धावत आला, तेव्हा वडील घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वर पंक्चर झालं तर काढतं कोण?"

हा किस्सा साहेब प्रत्येक पार्टीत सांगत, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखा. त्यांची रँक वाढत गेली तसं हाताखालच्यांचं हसणंही वाढत गेलं. बाईसाहेब मात्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवत. त्यांचं म्हणणं, विनोद पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच होता, वाढला तो पगार.

वडिलांकडून साहेबांनी एक गोष्ट मात्र उचलली होती. यंत्र हाताखालून घातल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो, प्रत्येक पत्रा, प्रत्येक बिजागर हात लावून बघतो. साहेब ही फेरी कशाभोवतीही मारत. स्कूटरभोवती, मिक्सरभोवती, नातवाच्या बाबागाडीभोवती. मुलीच्या लग्नात मंडपवाल्याच्या खुर्च्यांभोवती त्यांची फेरी सुरू झाली, तेव्हा व्याही घाबरून विचारायला आले की काही कमी पडलं का. घराबाहेर पडतानाही तेच. दाराशी उभं राहून साहेब मोठ्यानं विचारत आणि बाईसाहेबांनी आतून उत्तर द्यायचं.

"गॅस?"

"बंद."

"गीझर?"

"बंद."

"नळ?"

"बंद. आणि बायको चालू आहे, आता निघा."

बाईसाहेब शाळेत भूगोल शिकवत. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आजीनं विचारलं होतं, मुलगा काय करतो? उडतो. आणि आपली मुलगी? नकाशे शिकवते. "मग हरवणार तरी नाहीत," आजी म्हणाली, आणि बोलणी पुढे सरकली.

आता पाहुण्याला सगळ्यात आश्चर्य कशाचं वाटत असेल तर याचं, की ही एवढी नकाशे शिकवणारी, एवढ्या मोठ्या वैमानिकाची बायको, जन्मात विमानात बसली नव्हती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं. पण त्याला कारण होतं.

तळावरच्या क्वार्टर्समध्ये कुठे न लिहिलेला एक नियम होता. काही वाईट घडलं तर फोन करायचा नाही, शिपाई पाठवायचा नाही. कमांडरनं स्वतः गाडीतून त्या घरी जायचं, सोबत डॉक्टर आणि कमांडरची बायको. हे प्रत्येक बायकोला ठाऊक होतं. त्यामुळे विमानं वर असताना रस्त्यावर एखाद्या गाडीचा वेग कमी झाल्याचं ऐकू आलं, की ओळीतल्या सगळ्या घरांत हातातली कामं थांबत. गाडी कुणाच्या फाटकाशी उभी राहते तेवढं ऐकायचं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका दुपारी गाडी आली आणि शेजारच्या फाटकाशी थांबली. शेजारीण त्यांच्याच वयाची, सकाळी हसत हसत इस्त्री मागून नेलेली. गाडी आपल्याकडे नाही हे कळल्याबरोबर बाईसाहेबांचा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्याच क्षणी, आपला जीव भांड्यात पडावा याची त्यांना इतकी शरम वाटली, की ती पुढे कधी पुरती गेली नाही.

त्याच आठवड्यात तळावर कुटुंबांचा दिवस होता. त्या दिवशी बायका-मुलांना मोठ्या विमानातून एक चक्कर मारून आणत. साहेबांनी बायकोचं नाव केव्हाच दिलं होतं. लग्न झाल्यापासून ते मागे लागले होते, एकदा चल, एकदा बघ, तू वर्गात जे शिकवतेस ते वरून खरंच तसं दिसतं. बाईसाहेबांनी नवा ड्रेसही शिवायला टाकला होता. तो शिंप्याकडून घरी आला, पण अंगावर चढला नाही.

"माझं नाव काढा," त्या म्हणाल्या. "एक जण वर गेला की एक जण खाली हवा. दोघं वर गेलो तर वाट कोण बघणार?"

साहेब समजूत घालणार होते. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "बरं. मी पुन्हा विचारणार नाही. तुला वाटलं कधी, तर तू सांग."

शब्दाला जागणारा नवरा मिळाला की बायकोची पंचाईत होते. साहेबांनी खरोखरच पुन्हा विचारलं नाही. थट्टेत नाही, भांडणात नाही, वाढदिवसाला नाही. बदल्या होत राहिल्या. प्रत्येक वेळी साहेब विमानानं जाऊन पोचत आणि बाईसाहेब दोन मुलं, काळ्या पेट्या आणि भूगोलाचे गुंडाळलेले नकाशे घेऊन रेल्वेनं निघत. नवरा हवेतून आणि संसार रुळांवरून! स्टेशनवर साहेब कडक गणवेशात उभे, आणि डब्यातून त्यांची बायको उतरे ती केसांत धूळ, कडेवर झोपलेलं पोर आणि तोंडात हमालाशी चाललेला वाद घेऊन. नव्या बंगल्यात गेलं की पहिलं भांडण पडद्यांवरून. मागच्या खिडक्यांना बेतलेले पडदे पुढच्या खिडक्यांना कधी पुरले नाहीत. एक पडदा तर इतक्या वेळा उसवून, जोडून, पुन्हा दुमडला गेला, की त्याचा मूळ रंग कोणता यावर बहीण-भावाची अजून पैज आहे.

साहेबांनी आणखी एक गोष्ट आपणहून सुरू केली, तिचा मात्र घरात कधी उच्चार झाला नाही. ते घराच्या फाटकाशी गाडी थांबवत नसत. तरुणपणी सायकल होती तेव्हा ते कोपऱ्यापासून घंटी बडवत येत. पुढे सरकारी गाडी आली, ड्रायव्हर आला, तर गाडी कोपऱ्यावर सोडून उरलेला रस्ता मोठ्यानं शीळ घालत पायी येत. पाऊस असो, ताप असो, हातात बॅगा असोत. एका नव्या ड्रायव्हरला वाटलं, साहेबांचं घरी भांडण आहे. दुसऱ्याला वाटलं, साहेब पिऊन येतात आणि वारा लागावा म्हणून चालतात. निवृत्तीनंतर टॅक्सीही कोपऱ्यावरच थांबू लागली, तेव्हा शेजारी म्हणाले, एवढा मोठा माणूस आणि केवढा चिक्कू! साहेबांनी कुणालाच खुलासा दिला नाही. शीळ मात्र भयंकर बेसूर होती. बाईसाहेबांना जगात त्याहून गोड काही लागत नसे.

साहेब स्वतः कमांडर झाले तेव्हा त्या गाडीत बसायची पाळी बाईसाहेबांवर आली. ते सगळं त्या पाहुण्यांना सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, की जावं लागलं तेव्हा गेले, आणि त्या घरात मग पुढचे कितीतरी दिवस स्वयंपाक मीच केला. शाळेत नदीची वळणं शिकवायची आणि घरी येऊन कान रस्त्याकडे लावायचे, यातच त्यांची उमेद गेली असं कुणी म्हटलं तर त्या चिडतात. "उमेद कशाला जाईल? मुलं शिकली, माझे विद्यार्थी शिकले, यांच्या खांद्यावर पट्ट्या वाढल्या. भीती होती ती होती. कुणाला गुडघेदुखी असते, मला ही होती."

तर साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात पुन्हा एकदा पंक्चर झालं, पुन्हा एकदा सगळे हसले. बाईसाहेबांना वाटलं, सुटलो. रस्त्यावरच्या गाड्या आता खुशाल कुठेही थांबोत. पण सहा महिने होतात न होतात तोच साहेबांनी गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. क्लब कसला, एक लांबट शेड, एक धावपट्टी, तिच्या कडेला गवत आणि दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील असं पिटुकलं विमान. रविवारी साहेब तिथे नवशिक्यांना उडायला शिकवू लागले.

"हे विमान आहे की खेळणं?" फोटो बघून बाईसाहेबांनी विचारलं.

"खेळणंच. आता खेळायचंच वय आहे."

क्लबात त्यांचा जुना मेकॅनिक होता. हवाई दलात वर्षानुवर्षं साहेबांच्या हाताखाली काम केलेला, त्यांच्यामागोमाग निवृत्त होऊन त्यांच्यामागोमागच क्लबात आलेला. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. साहेबांची विमानाभोवती फेरी झाली की मिस्त्री मागून आपली वेगळी फेरी मारत, आणि साहेबांना ते ठाऊक असून साहेब न बघितल्यासारखं करत.

एके दिवशी औषधाच्या दुकानात बाईसाहेब रक्तदाबाच्या गोळ्या घेत होत्या. शेजारी मिस्त्री खोकल्याचं औषध मागत होते.

"वहिनीसाहेब, रविवारी येताय ना?"

"कुठे?"

मिस्त्रींनी जीभ चावली. पण बाण सुटला होता, आणि समोर शिक्षिका होती. शिक्षिकेपुढे फार वेळ गप्प राहता येत नाही.

"साहेबांचा डावा डोळा," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या तपासणीत पास होणार नाही, डॉक्टरांनी आत्ताच सांगून टाकलंय. या महिन्याअखेर लायसन्स संपतं. म्हणून रविवारचं उड्डाण शेवटचं. आम्ही केक आणतोय."

"मला काही बोलले नाहीत ते."

"तुम्हाला कसे बोलतील? बोलले तर विचारल्यासारखं होईल ना."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षांपूर्वीचा घरातला शब्द मिस्त्रींनाही माहीत होता तर!

"त्यांच्या शेजारी कोण बसणार आहे?"

"कुणी नाही. अध्यक्षांनी विचारलं, अध्यक्षांच्या जावयानं विचारलं. मीसुद्धा विचारलं, खोटं कशाला बोलू! साहेब म्हणाले, ती सीट राखून ठेवलीय. मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाले, माणूस यायचाय. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, येणार नाही बहुतेक. पण म्हणून दुसऱ्याला द्यायची नाही."

मिस्त्रींनी खोकल्याची बाटली घेतली आणि ते पळाले.

घरी परतताना बाईसाहेब आधी चिडल्या. मेकॅनिकला सांगतात, बायकोला नाही! मग त्यांचं चालणं हळू झालं. नवरा कसा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो रविवारी एकटा वर जाईल, एक चक्कर मारून खाली येईल, सगळ्यांशी हसून बोलेल, केक खाईल, घरी येऊन केक गोड फार होता म्हणून सांगेल. आणि त्या रिकाम्या सीटबद्दल मरेपर्यंत चकार शब्द काढणार नाही. त्यानं विचारायचं नाही असं ठरलं होतं. म्हणजे बोलायचं ते आता बाईसाहेबांनाच होतं, आणि रविवारच्या आत. त्यानंतर ते दोघं कितीही जगले तरी ही गोष्ट व्हायची नव्हती.

पण भीतीला कुठे लायसन्स असतं संपायला! घरी पोचताच त्यांनी मुलीला फोन केला.

"आई, वेड लागलंय का? या वयात? आणि तुझं बीपी?"

"बीपी माझं आहे, मी बघेन."

"मग मला फोन कशाला केलास?"

"कुणीतरी नको म्हटलं, की माझं पक्कं होतं. म्हणून केला."

शनिवारी सकाळी साहेब पायरीवर बसून बूट चमकवत होते. बाईसाहेब मागे येऊन उभ्या राहिल्या. वर्गात शिरण्याआधी घेत तसा त्यांनी श्वास घेतला.

"उद्या मी पण येते."

साहेबांचा ब्रश थांबला. "कुणी सांगितलं? मिस्त्री ना? त्याच्या पोटात काही राहत नाही. ये की. केक आहे."

"केकसाठी नाही. शेजारच्या सीटवर."

साहेबांनी बूट खाली ठेवला. मग ब्रश खाली ठेवला. मग बूट पुन्हा उचलला. ज्या होकाराची त्यांनी सबंध संसारभर वाट बघितली होती तो त्यांच्या पुढ्यात उभा होता. असं काही झालं की माणसाचे डोळे भरतात, कंठ दाटतो, असं आपण ऐकतो. साहेबांनी तोंड उघडलं आणि विचारलं, "तुझं वजन किती?"

"काय म्हणालात?"

"वजन. विमान छोटं आहे. तुझं, माझं आणि पेट्रोलचं मिळून हिशेब लागतो."

"इतक्या वर्षांनी मी हो म्हणते, आणि तुम्ही माझं वजन विचारता?"

"विचारावंच लागतं. राष्ट्रपती बसले असते तरी विचारलं असतं."

"लग्नाच्या वेळचं सांगू?"

"आत्ताचं. खरं."

शेवटी न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आला. साहेबांनी आधी काट्याभोवती फेरी मारली. बाईसाहेब वर चढल्या आणि म्हणाल्या, "चष्मा काढू का?"

"राहू दे. त्याचंही धरायचं असतं."

आकडा वाचून साहेब शहाण्या नवऱ्यासारखे गप्प राहिले. मग एकदम आत निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाईसाहेबांनी दारातून डोकावलं तर ते पलंगाच्या कडेला बसले होते, हातात एकच बूट, आणि स्वतःशीच शीळ घालत होते. तीच, भयंकर बेसूर.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. केकवर मिस्त्रींनी विमान काढून आणलं होतं, ते बदकासारखं दिसत होतं. साहेबांनी विमानाभोवती फेरी मारली. मिस्त्रींनी मारली. मग साहेबांनी पुन्हा एकदा मारली. असं त्यांनी पूर्वी कधी केलेलं मिस्त्रींना आठवत नव्हतं.

बाईसाहेबांना आत बसवून मिस्त्रींनी पट्टा आवळला. साहेब शेजारी बसले आणि एकदम परके झाले. "आपण या दांड्याला हात लावायचा नाही. दार उघडायचं नाही. मी सांगेन ते ऐकायचं."

"घरी तरी मी दुसरं काय करते?"

मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली.

इंजिन सुरू झालं, सगळं थरथरू लागलं, गवत मागे पळू लागलं. बाईसाहेबांनी डोळे घट्ट मिटले. थरथर एकदम थांबली तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. मग त्यांनी एक डोळा उघडला.

खाली नदी होती. फळ्यावर त्या इतकी वर्षं काढत आल्या होत्या तशीच, बाहेरच्या वळणाला काठ कुरतडत आणि आतल्या वळणाला वाळू टाकत जाणारी. "अहो!" त्या ओरडल्या. "अहो, खरंच तशी आहे!" मग त्यांनी दुसरा डोळा उघडला आणि त्यानंतर त्यांचं तोंड मिटलं नाही. तो बघा कालवा. ती टेकडी, पावसाच्या बाजूला हिरवी आणि पलीकडे उघडी, मी सांगत नव्हते? ती गावातली शाळा, मैदान केवढंसं आहे, आणि मुलं म्हणतात धावून दमतो. ते आपलं छप्पर, वर तुमचा लेंगा वाळतोय. उजवीकडे घ्या जरा. आणखी. सगळा भूगोल खाली मांडून ठेवलाय आणि इतकी वर्षं मी कागदावर शिकवत बसले! भीती कुठे गेली ते त्यांना कळलंही नाही. नदीच्या पहिल्या वळणाशीच कुठेतरी पडली असावी.

पण साहेब बोलत नव्हते. एरवी पार्टीत ज्यांना आवरावं लागे ते साहेब "हं" च्या पुढे जात नव्हते. विमान चालवत होते तेही असं, की काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं उचलून नेत आहेत. आणि बाईसाहेब "त्या धरणापर्यंत जाऊ या" म्हणत होत्या, तेवढ्यात त्यांनी विमान सरळ माघारी वळवलं.

विमान उतरलं ते इतकं अलगद, की टाळ्या पडल्या. पंखा थांबला. मंडळी केकचं टेबल सोडून पुढे येऊ लागली. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. मिस्त्री दाराशी आले, आत एकदा बघितलं, आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "जरा थांबा, केक कापायची सुरी राहिलीय." सुरी टेबलावर समोर दिसत होती, पण त्यांनी सगळ्यांना पिटाळलं.

बाईसाहेबांनी तेव्हा कुठे नवऱ्याकडे नीट बघितलं. शर्ट पाठीला चिकटला होता. कानामागून घाम ओघळत होता. हात अजून दांड्यावरच होते आणि बोटं पांढरी पडली होती.

"अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"भीती वाटली," एअर मार्शल म्हणाले.

बाईसाहेबांना वाटलं, थट्टा आहे. पण ती थट्टा नव्हती.

"विमान ठीक होतं," साहेब सांगू लागले. "हवा ठीक होती. इंजिनाला मी स्वतः हात लावून बघितलं होतं. पण आवाज जरा बदलला की वाटायचं, हिला काही झालं तर? ढग दिसला की वाटायचं, हिला काही झालं तर? तू खाली बघ म्हणत होतीस, मला खाली बघवत नव्हतं." त्यांनी दांड्यावरचे हात सोडले आणि मांडीवर पुसले. "तू हे रोज करायचीस?"

"रोज."

"आणि सकाळी मला हसून डबा द्यायचीस?"

"हसून कुठली! हसल्यासारखं करून."

साहेब समोरच्या धावपट्टीकडे बघू लागले. मग म्हणाले, "मला कधी भीती वाटली नाही. एक इंजिन बंद पडलं होतं तेव्हाही नाही. लोकांना वाटतं मी शूर होतो. मलाही वाटायचं. शूर कसला! तू खाली आहेस, घरात आहेस, जमिनीवर पाय आहेत तुझे, हे मला माहीत असायचं, म्हणून वर मी मोकळा असायचो. बरं झालं तू कधी आली नाहीस. एकदा जरी या सीटवर बसली असतीस ना, तर दुसऱ्या दिवशी मी उडणं सोडलं असतं."

बाईसाहेबांनी ते ऐकलं. सगळ्या दुपारी, सगळे पडदे, रस्त्यावर हळू होणारी प्रत्येक गाडी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांनी पट्टा सोडवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"मला तरी आत्ताच कळलं."

"आधी कळलं असतं," बाईसाहेब म्हणाल्या, "तर पहिल्याच आठवड्यात येऊन बसले असते की हो मी!"

साहेब आधी हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले, आणि डोळे वाहत असताना ते आणखी हसले. बाईसाहेबही हसत होत्या आणि त्यांचा चेहरा आपल्या हातांनी पुसत होत्या. टेबलाशी अध्यक्ष विचारत होते, सुरी सापडली का. मिस्त्रींनी ती खिशात घातली आणि सांगितलं, अजून नाही.